अंगावरचे पैसे

भाताची लावणी उरकली, कापणीला अजून दीड-दोन महिने आहेत, घरातले तांदूळ संपलेत आणि सण तोंडावर आलाय. रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टीवाल्यांच्या मोटरसायकली नेमक्या याच दिवसांत दिसू लागतात. शेठ किंवा त्याचा मुकादम दहा-वीस हजार हातावर ठेवतो आणि जातो. कागद नाही, सही नाही, फार तर वहीत एक अंगठा. याला बयाणा म्हणतात. कोळसाभट्टीवर जाणाऱ्यांचाही बयाणाच, आणि बीडकडच्या ऊसतोड कामगारांची उचल ही त्याचीच मोठी बहीण. दिवाळी झाली की टेम्पो येतो, वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात, आणि ती पावसाच्या तोंडावर उघडतात. परत आलेल्या माणसाला हिशोब विचारला, तर खूप वेळा एकच वाक्य ऐकू येतं: ‘अंगावर निघालं.’ म्हणजे सहा-सात महिने नवरा-बायको-पोरं राबली आणि देणं वाढूनच परत आली.

वेठबिगारी, म्हणजे देण्यापोटी माणसाला बांधून राबवणं, कायद्याने १९७६ साली बंद झाली. वटहुकूम त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला होता. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी तर १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने सावकाराच्या शेतावर आयुष्य काढायचं, तो लग्नगडी. पुढे ऐंशीच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यात वेठबिगार शोधून त्यांची मुक्तता करून घेतली, तेव्हा कायदा होऊन काही वर्षं लोटली होती. म्हणजे कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती आपल्याच तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर चाललेली गोष्ट नीट शोधून, नीट लिहून, योग्य टेबलावर ठेवणाऱ्या माणसांची. हे काम बाहेरून आलेल्या समितीपेक्षा स्थानिक माणूस चांगलं करू शकतो असं मला ठामपणे वाटतं. शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई, रेशन दुकानाच्या रांगेतली बाई, या सगळ्यांना अर्धी माहिती आधीच असते.

सुरुवात भट्टीपासून करू नये. ही सर्वांत जास्त होणारी चूक. कॅमेरा घेऊन थेट भट्टीवर गेलं की मजूर शेठच्या नजरेखाली बोलतो आणि ‘आम्ही राजीखुशीने आलो’ एवढंच सांगतो. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पोचते, आणि रात्रीतून त्या कुटुंबांना दुसऱ्या भट्टीवर हलवलं की दुसऱ्या दिवशी तिथे नुसत्या झोपड्यांच्या खुणा. त्यामुळे आधी वाडी. बोलण्याची खरी वेळ जून ते ऑगस्ट, माणसं घरी असताना. तोवर कागद गोळा करता येतात. शाळेच्या हजेरीपटावर कुठली मुलं डिसेंबरपासून एकदम गैरहजर होतात आणि जूनमध्ये परत दिसतात, अंगणवाडीच्या नोंदीत कुठली बाळं त्याच काळात ‘स्थलांतरित’ आहेत, कुठल्या शिधापत्रिकेवरचं धान्य सलग पाच महिने उचललेलं नाही. या तीन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की कुणाला एक शब्द न विचारता स्थलांतराचा नकाशा तयार होतो. स्थलांतर हा गुन्हा नाही, हे मात्र मनात पक्कं असावं. दर दिवाळीनंतर कामाला जाणारं प्रत्येक कुटुंब वेठबिगार नसतं, आणि तसं गृहीत धरून गेलेला माणूस पहिल्याच घरात विश्वास गमावतो.

मग फरक कशावरून ओळखायचा? कायद्यातली व्याख्या लांबलचक आहे, पण तिचा सांगाडा सोपा आहे. एका बाजूला कारण: उचल किंवा कर्ज, आईबापाचं जुनं देणं, जातीने लादलेलं काम. दुसऱ्या बाजूला त्याचे परिणाम, आणि ते चार. बिनमजुरीने किंवा नाममात्र मजुरीवर काम करावं लागणं. दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक नसणं. हवं तिथे जाण्यायेण्याची मोकळीक नसणं. आपली मेहनत किंवा तिचा माल बाजारभावाने विकता न येणं. चारही लागत नाहीत. कारणासोबत यातला एकही परिणाम दिसला तरी पुरे. ‘नाममात्र मजुरी’ म्हणजे काय तेही कायद्यानेच सांगून ठेवलंय: सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी ती नाममात्र. हे एक वाक्य तोंडपाठ असावं, कारण तहसील कचेरीत पहिला प्रश्न येतो तो ‘साखळ्या बांधल्या होत्या का? कोंडून ठेवलं होतं का?’ असा. भट्टीला कुंपणसुद्धा नसतं. माणूस तिथून हलत नाही, कारण मागे भाऊ जामीन राहिलेला असतो, शिधापत्रिका नाहीतर आधारकार्ड शेठच्या कपाटात असतं आणि मागच्या वर्षी पळालेल्याला कसं परत आणलं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणूनच ‘तुम्ही वेठबिगार आहात का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. शब्द परका आहे, आणि त्यात अपमानही आहे. विचारायचं ते असं: बयाणा कुणी दिला, किती, कुठल्या सणाच्या आधी, कुणाच्या हातात? तेव्हा आणखी कोण बसलं होतं? हजार विटांचा दर काय ठरला आणि तो कधी सांगितला, बयाणा घेताना की कामाला लागल्यावर? आठवड्याची खर्ची, म्हणजे मजुरीतून घरखर्चाला मिळणारे पैसे, किती? वही कुणाकडे, आणि कुणी कधी वाचून दाखवली का? घरात मयत झाली तेव्हा सगळे गेले की कुणाला मागे ठेवून जावं लागलं? पोर तापाने फणफणलं तेव्हा डॉक्टरकडे कुणाच्या गाडीने नेलं आणि त्याचे पैसे कुणाच्या नावावर लागले? यंदा दुसऱ्या शेठकडे जायचं ठरवलं तर काय होईल? शेवटच्या प्रश्नाला माणूस हसतो किंवा गप्प होतो. ती शांतताही लिहून ठेवायची, शब्दांत सजवून नाही, ‘उत्तर दिलं नाही’ एवढंच.

तारखा विचारून उपयोग नसतो. कातकरी माणूस ‘१४ नोव्हेंबर’ सांगणार नाही, पण ‘दिवाळीचा बाजार झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी’, ‘होळीच्या आधी एक खर्ची झाली होती’ हे अचूक सांगेल. आधी त्याच्या मापात लिहावं, नंतर कंसात आपल्या दिनदर्शिकेतली तारीख. बायकांशी बाईनेच आणि वेगळं बोलावं. बयाणा बहुतेकदा पुरुषाच्या हातात पडतो आणि थापलेल्या विटांची गिनती बाईच्या डोक्यात असते. शिवाय भट्टीवर रात्री काय घडतं, हे नवऱ्यासमोर, दिरासमोर कुणी सांगत नाही. ऊसतोडीच्या बाबतीत वर्षानुवर्षं उचल, कोयता, मुकादम यांवर लिहिलं गेलं, पण बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका मोठा आहे हे २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली तेव्हा सर्वांसमोर आलं. पाळीच्या चार दिवसांत खाडा पडला तर दंड, म्हणून पिशवीच काढून टाकलेली. मजुरीच्या प्रश्नावलीत पाळीचा प्रश्न नसेल तर हे सापडणार कसं?

आता हिशोब. माझ्या मते सगळ्या शोधाचा कणा हाच आहे, आणि नेमका इथेच बहुतेक अहवाल दोन ओळींत आटोपतात. एक मानीव उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. नवरा, बायको आणि तेरा वर्षांचा मुलगा, तिघं मिळून दिवसाला १००० विटा पाडतात. दर हजारी ८०० रुपये. आठवड्याचे सहा दिवस, २६ आठवडे, म्हणजे १५६ दिवस आणि १,५६,००० विटा. मजुरी झाली १,२४,८०० रुपये. आठवड्याला १००० रुपये खर्ची म्हणजे २६,०००, बयाणा ४०,०००. दोन्ही वजा करून कुटुंबाच्या हातात ५८,८०० रुपये यायला हवेत. शेठच्या वहीत मात्र विटा ९०,०००. पावसाने भिजल्या, भट्टी रचताना फुटल्या, कच्च्या निघाल्या, म्हणून उरलेल्या धरल्याच नाहीत. मजुरी ७२,०००. त्यातून खर्ची आणि बयाणा गेल्यावर राहिले ६,०००. मग डॉक्टर, खाडे, गाडीभाडं, मध्ये एकदा दिलेला तांदूळ असे १४,०००. म्हणजे ८,००० अंगावर. दोन हिशोबांत ६६,८०० रुपयांचं अंतर, आणि त्यातले ५२,८०० एकट्या विटांच्या गिनतीतले.

म्हणून गिनती कुठे होते ते आधी विचारावं. थापलेल्या विटा सुकत असताना मोजतात की भट्टी रचल्यावर? भट्टीवर मोजल्या तर मधली सगळी तूटफूट मजुराच्या माथी, जरी पाऊस त्याने पाडलेला नसला तरी. मजुराच्या सांगण्याला आधार हवा असेल तर माती बघावी. माती हे गौण खनिज. तिच्यावर ब्रासप्रमाणे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावं लागतं आणि त्याची नोंद तहसील कचेरीत असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ९ × ४ × ३ इंचाची वीट धरली तर ब्रासला ढोबळमानाने १६०० विटा होतात. मातीत राख, तूस मिसळतात, सुटी माती दाबली की बसते, त्यामुळे हा आकडा पुराव्याचा नाही, पडताळ्याचा आहे. पण चार कुटुंबांच्या वह्यांतल्या विटांची बेरीज आणि भरलेल्या स्वामित्वधनातून निघणारा आकडा यांत दुप्पट-तिप्पट तफावत असेल, तर विचारण्यासारखं काहीतरी हाती लागलेलं असतं. मातीची चोरी झाली असेल किंवा मजुरीची, अनेकदा दोन्हींची.

किमान वेतनाशी तुलना करतानाही एक चूक नेहमी होते. दिवसाचे ८०० रुपये पाहून अधिकारी म्हणतो, हे तर किमान वेतनाच्या वर आहे. ते ८०० तिघांचे आहेत, म्हणजे माणशी २६७, आणि तेही पहाटेपासून बारा तासांचे. आठ तासांचे धरले तर १७८. तुलना या आकड्याशी व्हायला हवी, आणि त्या सहामाहीच्या विशेष भत्त्यासह. राज्यात तो जानेवारी आणि जुलै असा दोनदा बदलतो. अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडावी, नाहीतर ‘बघून सांगतो’ म्हणून आठवडा जातो. मुलाचा वेगळा मुद्दा करावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘आईबापाला हातभार लावतो’ ही सबब भट्टीला लागू होत नाही, कारण भट्टी आईबापाची नाही.

‘राजीखुशीने आलो’ या जबाबाचं काय करायचं? त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच देऊन ठेवलंय. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचा तो खटला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कुणी राबत असेल तर भूक आणि गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच, आणि ते राज्यघटनेच्या २३व्या कलमाचं उल्लंघन, असं न्यायालयाने सांगितलं. पुढच्याच वर्षी, फरिदाबादच्या दगडखाणींसंबंधी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात आणखी पुढचं पाऊल पडलं: सक्तीचं काम दिसलं तर ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरावं, तसं नाही हे मालकाने दाखवावं. वेठबिगारी कायद्याचं १५वं कलमही देणं वेठीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं सावकारावर टाकतं. म्हणून मजुराकडे कागद नाही याने खचून जायचं कारण नाही. कागद नसणं हा त्या व्यवहाराचाच भाग आहे.

नोंदींबद्दल थोडं कडक बोलायला हवं. नावांची यादी एका वहीत आणि जबाब दुसऱ्या वहीत, दोन्हींना जोडणारा फक्त क्रमांक. दोन वह्या एकाच पिशवीत ठेवायच्या नाहीत. चेहऱ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं हा गुन्हा मानावा, हेतू कितीही चांगला असो. मोबाईलच्या फोटोत ठिकाण नोंदलेलं असू शकतं आणि गटातल्या कुणाचा तरी मेहुणा भट्टीवाला असतो. डोळ्यांनी पाहिलेलं, मजुराने सांगितलेलं आणि तिसऱ्याकडून ऐकलेलं हे तीन रकाने वेगळे असावेत. आणि आकडा फुगवू नये. अकरा माणसं असतील तर अकराच लिहावीत. अर्जात ‘पन्नासच्या वर’ लिहिलं आणि पंचनाम्यात अकरा निघाली, की ती अकराही खोटी ठरतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज करायचा की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं. अर्ज गेल्यावर काय काय होऊ शकतं ते आधी सांगायचं, वाईटासकट. पाहुण्यांच्या दुसऱ्या घराने त्याच शेठकडून बयाणा घेतलाय का? असेल तर त्यांचं काय? सुटका झाली त्या रात्री झोपायचं कुठे, खायचं काय? हा गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्रही आहे. शेठ त्याच संध्याकाळी घरी असू शकतो. आठवड्याचा तांदूळ आणि वाडीत सोबत राहणारी दोन माणसं ठरलेली नसतील, तर सुटकेची घाई करू नये असं माझं मत आहे. मारहाण, कोंडून ठेवणं, आजारी मूल हे अपवाद. तिथे थांबायचं नाही.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रती प्रांताधिकारी आणि तहसीलदारांना. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. विषयात ‘मजुरी थकल्याबाबत’ असं कधीही लिहू नये. एकदा तो मजुरीचा वाद ठरला की कागद कामगार कार्यालयात जातो, तडजोडीने पाच-दहा हजार मिळतात आणि वेठबिगारी नोंदलीच जात नाही. ‘वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ अन्वये चौकशी, मुक्तता व पुनर्वसन’ हे शब्द विषयातच असावेत. मजूर आदिवासी किंवा दलित असतील आणि मालक तसा नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(h) लागतं, कारण वेठ किंवा बिगार करायला लावणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि केंद्राच्या नियमांनुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेतली मानवी व्यापाराचं १४३ आणि सक्तीच्या कामाचं १४६ ही कलमं.

चौकशीच्या दिवशी दोन गोष्टींवर नजर ठेवावी. जबाब शेठपासून दूर आणि मजुराच्या भाषेत घेतला जातोय का, आणि लिहिलेला त्याला वाचून दाखवला का. ‘बयाणा’चा ‘हातउसने’ आणि ‘शेठ सोडत नाही’चा ‘मालकाने विनंती केली’ असा अनुवाद होताना थांबवावा लागतो. त्यानंतर हवा तो मुक्तता दाखला, घरटी नाही, माणशी एक. बाईचा वेगळा, मुलाचा वेगळा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे, आणि तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नसते. पुढची रक्कम प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, लैंगिक शोषण, मानवी व्यापार अशा अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख. ती मात्र खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे. घरचा एकच दाखला निघाला तर बायको आणि मूल यादीतून गळतात, आणि तसे ते सर्रास गळतात.

जिल्ह्यात आणि उपविभागात वेठबिगारी कायद्याखालची दक्षता समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागवावीत. दहा रुपयांचा अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर राज्याच्या नियमांवर बोट ठेवून परत येतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील. ‘बैठक झालेली नाही’ हे लेखी उत्तर मिळालं तर तेही जपून ठेवावं. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत, आणि राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग यांपैकी एकाकडेच. दोन्हीकडे पाठवलं की प्रकरण दुसरीकडे प्रलंबित आहे म्हणून बंद होऊ शकतं.

दाखला हातात पडला की बातमी छापून येते आणि सगळे पांगतात. वेठबिगारी कायद्याचं सहावं कलम म्हणतं, देणं संपलं. पण शेठचा माणूस पंधरा दिवसांनी दुसऱ्याच गावातल्या मेहुण्याकडे वसुलीला जातो. तेव्हा मुक्त मजुरावर वसुलीचा दावा झाला तर तो लढणं हे दक्षता समितीचंच काम आहे, हे १४व्या कलमाचा आधार देऊन लेखी कळवावं. जातीचा दाखला, बँकेचं खातं, वनहक्काचा अडकलेला दावा, रोजगार हमीच्या जॉबकार्डावर प्रत्यक्ष मिळालेले दिवस, मुलाचं नाव पटावर परत चढणं, यांची तारीखवार यादी त्याच वहीत पुढे चालू ठेवायची, कारण यातलं काहीच नसेल तर माणूस पुन्हा बयाण्याकडेच वळणार. म्हणून भेटी तीन ठरवाव्यात: पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, आणि पुढच्या वर्षी लावणी उरकल्यावर. त्या तिसऱ्या भेटीत फक्त दोन प्रश्न असतात. घरात तांदूळ किती दिवसांचा आहे, आणि यंदा वाडीवर कुणाची मोटरसायकल येऊन गेली.